राणी जागी होती

राणीचा उजवा पाय घोट्यापाशी बाहेर वळलेला आहे. त्यामुळे ती सरळ आपल्याकडे येत असली तरी बाजूला कुठेतरी निघाली आहे असं वाटतं. आष्ट्यात तिच्या भावाचं, धुळाचं, पत्र्याचं शेड आहे. मोटारसायकलच्या सीटखाली जो कडक तळ असतो, ज्यावर फोम आणि कव्हर चढतं, तो तिथे फायबरमध्ये गिऱ्हाइकाच्या मापाने बनवून मिळतो. गाडीच्या सांगाड्याला चिकटपट्टी लावायची, वॅक्स घासायचं, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन असे थरावर थर द्यायचे. वॅक्स कुठे राहून गेलं तर तळ सांगाड्याला असा धरतो की छिन्नीशिवाय सुटत नाही.

मॅट कापणं आणि रेझिन कालवणं हे राणीचं काम. मॅट अंगाला लागली की खाज सुटते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही साडीवर भावाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि तोंडाला फडकं बांधते. रेझिन घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं तर डबा हातात तापतो आणि माल तडकतो, कमी पडलं तर आठवडाभर चिकट राहतो. राणीचा माल तडकत नाही आणि चिकटही राहत नाही. कामात असताना ती बोलत नाही, आणि ती सहसा कामातच असते.

मी निवृत्त होऊन आष्ट्याला आल्यापासून दुपारी त्या शेडमध्ये जाऊन बसतो. धुळा माझा विद्यार्थी. आटपाडीकडच्या मेंढपाळाचा हा मुलगा माझ्या तिथल्या शाळेत आला, कारण राखण्याएवढी मेंढरं उरली नव्हती. मेंढरं का उरली नाहीत, ते सांगायला हवं.

त्यांचे वडील नाथाजी दर हिवाळ्यात कळप घेऊन ओल्या मुलखाकडे निघत. एका पहाटे विट्याच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. कळपाच्या पुढे राणी होती, मागे सामानाच्या घोड्याजवळ नाथाजी. राणी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल, पण तिची शीळ मेंढरं ऐकत. समोरून गाडीचा आवाज आला तशी ती कळप कडेला दाबून, काठी आडवी धरून रस्त्यात उभी राहिली. जीप थांबली नाही. निम्मा कळप चाकांखाली गेला आणि राणीचा पायही. राहिलेली बहुतेक मेंढरं पुढे तिच्या दवाखान्यापायी विकावी लागली.

जीप लालासाहेबांची होती. आष्ट्याजवळच्या गावातले बागायतदार, ऐन पंचविशीतले, घरात दोन भाऊ फौजेत. पंच बसले. लालासाहेब म्हणाले, पोरगी कडेला घोंगडीत झोपली होती, मेंढरं आपोआप रस्त्यात आली. नाथाजी शिकलेला नाही, पण देवाचा माणूस. तो म्हणाला, "बिरोबाचा भंडारा उचला आन सांगा. मग माझं काय बी म्हननं न्हाई." त्याच्या सगळ्या आयुष्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस त्याने पाहिला नव्हता. असा माणूस असू शकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. लालासाहेबांनी चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि सांगितलं, "झोपली हुती."

नाथाजी उठला आणि दवाखान्यात गेला. राणीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "तुला डोळा लागला आसंल, पोरी. ल्हान हाईस. व्हतं आसं."

"मी जागी हुते, बाबा. काठी आडवी धरली हुती."

"देव खोटं बोलू देत न्हाई, बाळा."

हे तो प्रेमाने बोलला. पुढेही त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही, जत्रेत बांगड्या भरायला विसरला नाही. फक्त तिला पुन्हा कधी कळपाच्या पुढे उभी केली नाही. माणसांच्या तोंडी मात्र नाव पडलं, झोपाळी. स्थळं यायची, पाय बघून गप्प बसायची, आणि झोपेत कळप मारला हे कळल्यावर उठून जायची. वळलेला पाय चालला असता, असं तिची आई मरेपर्यंत म्हणत होती. झोप चालली नाही.

धुळा शिकला, सांगलीत देवळांचे फायबरचे सिंह आणि कळस करणाऱ्याच्या हाताखाली राहिला, मग आष्ट्यात स्वतःचं शेड टाकलं आणि बहिणीला घेऊन आला. नाथाजी मात्र गावीच, उरलेल्या चार मेंढरांजवळ.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेडपुढे एक जुनी बुलेट टेम्पोतून उतरली, आणि तिच्यामागून खतांच्या दुकानाचे आप्पासो एका भारदस्त माणसाला कोपराला धरून घेऊन आले. माणूस एका अंगावर कलून चालत होता.

"कोन हाय रं हितला मालक?"

"मीच. बोला," धुळा म्हणाला.

"सीट बनवायची. माझ्या बुडाच्या मापानं. कंबरेचं हाड मोडलंय, मिरजंत आपरेशन झालं, एक बाजू खाली गेलीया. दवाखान्यानं बसायला दिलेली ती रबरी चकती काखेत मारून मी गावातनं हिंडू व्हय?"

आप्पासो हसले. "वहिनी म्हणत्यात, पोराच्या चारचाकीत बसा. तर लाला म्हणतो, मी काय पार्सल हाय का, कुनी बी उचलून न्यायला?"

राणीच्या हातातली कात्री थांबली. तिने वर पाहिलं नाही. धुळा गाडीकडे बघत राहिला. त्या माणसाने इकडेतिकडे नजर फिरवली आणि सहज विचारलं, "कुठला रं तू, गड्या?"

"आटपाडीकडला."

"मग मेंढरं सोडून ह्या धंद्यात कसा?"

"मेंढरं गेली."

"रोगानं?"

"न्हाई. जीपखाली."

"आरारा," लालासाहेब म्हणाले, आणि खरोखर हळहळले. "बरं, कवा येऊ मापाला?"

ते गेल्यावर धुळाने स्टुलाला लाथ घातली. इतका शांत मुलगा, त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "वळखलंबी न्हाई, गुरुजी! निदान वळखून तोंड लपवलं आसतं तर बरं वाटलं आसतं मला." मग बहिणीजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "आक्का, मागल्या बाजूला थर कमी टाकू. वरनं कळत न्हाई. चार-सा महिन्यांत खड्ड्यात गाडी गेली की मोडंल. कंबर पुन्हा मोडंल."

मी काही बोलायच्या आत राणी म्हणाली, "न्हाई."

"दया आली व्हय त्येची?"

"दया?" तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "मोडली तर त्यो म्हनंल, माल खराब हुता. म्हंजे पुन्हा चूक आपलीच. मला त्येची कंबर नको, धुळा."

"मग काय पायजे?"

"त्येनं बाबाच्या म्होरं सांगावं. मी जागी हुते, येवढंच. बाबा मरायच्या आत. बाबाच्या कानांनी ऐकलं पायजे."

ती पुन्हा मॅट कापू लागली, पण त्या दिवशी कापलेले सगळे तुकडे वाकडे निघाले आणि तिने ते स्वतःच कचऱ्यात टाकले.

धुळाने विचार केला तो असा. लालासाहेबांचं बसणं एका अंगाला कललेलं, म्हणजे नेहमीचा तळ चालणार नाही. त्यांच्या बसण्याचा ठसा घ्यावा लागणार. गाडी मेन स्टँडवर उभी करायची, सीटच्या जागी जाड प्लास्टिकच्या पिशवीत कालवलेलं प्लास्टर ठेवायचं, आणि माणसाने त्यावर बसायचं. पाय फुटरेस्टवर, हात हँडलवर, प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. हा माणूस दोघांनी धरल्याशिवाय गाडीवर चढत नाही, तसा उतरणारही नाही.

"बांधून घालायचं न्हाई, धरायचं न्हाई," धुळा मला म्हणाला. "त्येचीच गाडी, त्येचीच कंबर. बसू दे."

मापाच्या आदल्या दिवशी तो एसटीने जाऊन नाथाजीला घेऊन आला. म्हाताऱ्याला वाटलं, पोराचं शेड बघायला बोलावलंय. त्याने प्रत्येक सीटवरून हात फिरवला आणि "हे काचंचं हाय म्हनतुयास आन फुटत न्हाई?" असं पुन्हापुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. राणीने प्लास्टर कालवून पिशवी सीटच्या जागी ठेवली. आप्पासोंनी आणि धुळाने लालासाहेबांना दोन्ही बाजूंनी उचलून बुलेटवर बसवलं. राणीने पिशवीच्या कडा हाताने दाबल्या. लालासाहेबांनी हँडल धरलं आणि पूर्वीच्या ऐटीत मान वर केली.

"हलू नगा बरं का," धुळा म्हणाला. "हललं की पुन्हा पैल्यापासनं. आप्पासो, तेवढा समद्यांस्नी च्या सांगून येता का?"

आप्पासो गेले. धुळा शेडच्या मागच्या बाजूला गेला आणि वडिलांना हाताला धरून घेऊन आला. गाडीच्या बरोबर पुढे, खुर्चीवर बसवलं. म्हाताऱ्याला अलीकडे अंधुक दिसतं.

"ह्यो कोन?" लालासाहेबांनी विचारलं.

"माझा बा. नाथाजी. विट्याच्या रस्त्यावर तुमची गाठ पडली हुती. आन ही माझी आक्का."

लालासाहेबांना उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांची बोटं हँडलवर आवळली.

"लय जुनं झालं ते."

"पाय आजून तसाच हाय," धुळा म्हणाला. "एकच सांगा. आक्का झोपली हुती का जागी हुती?"

"आप्पासो! आवं आप्पासो!"

"च्या सांगाया गेल्यात."

"उतरव मला. खाली गरम लागाय लागलंय."

"घट्ट व्हताना तापतंच. आन मी कुठं धरलंय तुमास्नी? उतरा की."

त्यांनी पाय उचलून बघितला. तो वितभर उचलला गेला आणि परत फुटरेस्टवर पडला. शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच घेऊन दारात आला. बाजाराला आलेल्या दोन बायका पिशव्या टेकून उभ्या राहिल्या. मग आणखी काही माणसं. आपल्या भागात बुलेटवर बसलेला माणूस ओरडतोय आणि गाडी जागची हलत नाही, हे बघायला माणसं थांबणारच.

"पंचांम्होरं सांगितलंय मी," लालासाहेब गर्दीकडे बघत म्हणाले. "पोरगी झोपली हुती. भंडारा उचलून सांगितलंय."

आणि इथे जे घडलं ते धुळाच्या हिशेबात नव्हतं. नाथाजी खुर्चीवरून उठला आणि त्याने हात जोडले, पण लालासाहेबांना.

"धुळ्या, काय चालीवलंयस ह्ये? भंडारा उचललेल्या मानसाला आसं चौघांत इचारत्यात व्हय? पाप लागंल, लेकरा. मालक, पोरगं अडानी हाय माझं, तेवढं पोटात घाला."

मी राणीकडे पाहिलं. लालासाहेबांवर तिची नजर नव्हतीच. ती वडिलांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होती, आणि ती नजर मला या वयातही सहन झाली नाही.

आप्पासो चहावाल्याला घेऊन परतले होते. ते काही न कळून कडेला थांबले. नाथाजी मनापासून विचारत होता, "कंबरंला काय झालं, मालक?"

"ट्रॉलीवरनं पडलो. उसाच्या."

"बरी व्हईल. खरा भंडारा उचलनाऱ्याला देव लय दिस तसा ठेवत न्हाई."

"आन खोटा उचलला आसंल तर, म्हातारबा?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"मग ट्रॉली आपली नावाला, पाडलं बिरोबानं," पिशवीवाल्या बायकांपैकी एकीने उत्तर दिलं. माणसं हसली. दुसरी म्हणाली, "आमच्यातल्या एकाचा तर हातच वाळला हुता." कुणीतरी च् च् केलं. सगळे लालासाहेबांच्या कंबरेकडे बघू लागले.

लालासाहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. ते शाळा शिकलेले, कारखान्यावर वजन असलेले गृहस्थ. बाजारातल्या बायकांनी आपल्या हाडाचा असा हिशेब लावावा, हे त्यांना सोसलं नाही.

"हळद हाय ती, हळद!" ते ओरडले. "हळदीनं कुनाची कंबर मोडतीया? आं? तसं आसतं तर ज्या दिवशी उचलला त्याच दिवशी मोडली आसती की माझी!"

चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"लाला," आप्पासो हळूच म्हणाले, "काय बोललास तू?"

मागे घ्यायला काही उरलं नव्हतं, तेव्हा लालासाहेबांनी उरलेलंही अंगावर फेकल्यासारखं फेकलं. "व्हय! उभी हुती पोरगी. काठी आडवी धरून उभी हुती. दिसली मला. जीप नवी हुती, नादात हुतो. मग काय, जेलात जाऊन बसायचं हुतं मी? झालं समाधान? उतरवा आता!"

धुळा पुढे झाला. पण राणीने त्याला हाताने थांबवलं. पाय ओढत ती गाडीजवळ गेली, पिशवीच्या कडेला बोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आजून कच्चं हाय. बसा."

आणि ते बसले. गर्दी गेली नाही. कुणी त्यांना शिवी दिली नाही. त्यांनी समोर पाहिलं तर नाथाजी होता, बाजूला पाहिलं तर माणसं. शेवटी ते गाडीच्या टाकीकडे बघत बसले. प्लास्टर घट्ट व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला असं मला वाटतं, किंवा राणीने बोट दाबून बघण्याची घाई केली नाही.

त्यांना घेऊन आप्पासो गेले. नाथाजीचे हात अजून जोडलेलेच होते. खाली घ्यायचे राहून गेले होते.

"पोरी, तू जागी हुतीस?"

"त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं हुतं."

"त्येनं भंडारा उचलला, मला वाटलं..."

"परक्या मानसानं सोताला वाचवाया खोटं बोललं. त्येचं काय येवढं? बोलतंय मानूस," राणी म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमी मान्य केलं. माझी शीळ तुमीच शिकवली हुती, मी कळपाम्होरं कधी बसलेबी न्हाई, ह्ये तुमाला ठावं हुतं. तरी मान्य केलं."

"मी काय करू आता?"

"जत्रंला बिरोबाम्होरं, समद्या भावकीत, सोता भंडारा उचला आन सांगा."

"ह्या वयात मला त्वांड ऱ्हाईल का गं?"

"मला हुतं का?" तिने विचारलं आणि प्लास्टरचा ठसा उचलून आत घेऊन गेली. त्या रात्रीची भाकरी तिने भावाला वाढली, माझ्या घरी डब्यात पाठवली, पण वडिलांचं ताट धुळाला वाढावं लागलं.

सीट तिनेच बनवली. ठशावर वॅक्स घासलं, थर मोजून दिले, बुडबुडे ब्रशने टोचून काढले, आणि मागच्या बाजूला एक थर जादाच टाकला. धुळा चिडला. "येवढी लाडानं कशापाई?"

"मोडता कामा नये," ती म्हणाली. "मरस्तवर पुरली पायजे. दुसरी कुठली सीट त्येला बसायला यायची न्हाई. ज्या बैठकीत बोलला त्याच बैठकीत रोज बसू दे."

आप्पासोंनी ती नेली. परवा ते सांगत होते, लालासाहेब आता आपले आपण चढतात, बुलेट चालवतात, दुखत नाही म्हणतात, पण कुणी सीटचं कौतुक केलं की तिथून उठून जातात. हे ऐकताना राणीने पहिल्यांदाच कामातून मान वर केली आणि विचारलं, "रोज बसत्यात न्हवं?"

त्यांच्या गावच्या जत्रेला मी मुद्दाम गेलो. नाथाजीने धुतलेलं धोतर नेसलं होतं. देवळापुढच्या पटांगणात ढोल थांबले तेव्हा तो पुढे झाला, भंडारा उचलला, आणि म्हणाला, "माझी पोर जागी हुती. मी तिचं ऐकलं न्हाई. चूक माझी."

माणसं खाली बघू लागली. एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं. मागे खांबाला टेकून राणी उभी होती.

"कडंच्या मानसांस्नी ऐकू गेलं न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं."

त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी त्याचा आवाज फाटला. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "राणी, पुरे गं आता. म्हातारा माणूस आहे."

तिने माझ्याकडे आदरानेच पाहिलं. "गुरुजी, ही तर आमच्याच गावची मानसं. मला बघायला येऊन उठून गेली ती दुसऱ्या गावांत ऱ्हात्यात."

धुळाने सीटा पोचवायचा टेम्पो आणला होता. तिने मागची फळी पाडली आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "आदी झरे गावाला. मग खरसुंडीला. चला, बाबा."

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कपाळावरचा भंडारा घामाने भुवयांवर उतरला होता. मग त्याने टेम्पोच्या फळीला हात घातला आणि वर चढू लागला. राणीने त्याला आधार दिला नाही. पण तो चढून नीट बसेपर्यंत तिने गाडी निघू दिली नाही.